फुकटची वकील आणि माझी साक्ष

“कोणाचं घर?”

मालकांनी मला हे विचारलं तेव्हा मी नुकताच शाळेत जायला लागलो होतो. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी मालकांची चाळ होती आणि जरा खाली, सपाटीवर, त्यांचा बंगला. भाडं द्यायचा दिवस. बंगल्याच्या पायऱ्यांखाली चाळीतल्या पुरुषांची रांग. मी बापाचं बोट धरून रांगेत. मालक वर झोपाळ्यावर, शेजारी त्यांचे कुणी पाहुणे. पाहुण्यांनी मला सहज विचारलं, काय रे, कुठं राहतोस? मी शाळेत कविता म्हणायचो तसं ठणठणीत सांगितलं, “डोंगराखाली आमचं घर आहे.”

झोपाळा थांबला.

“कोणाचं घर?”

“आमचं.”

मालक हसले. मग रांग हसली. मालक रागावले नव्हते. गमतीनंच म्हणाले, “तुझ्या बापाला विचार बरं, घर कोणाचं ते.”

माझा बाप विक्रोळीच्या कारखान्यात ट्रकमधून लोखंड उतरवायचा. त्याच्या खांद्यावर घट्टे होते, बैलाच्या मानेवर असतात तसे. त्या माणसानं हात जोडले, कमरेत वाकला आणि म्हणाला, “घर मालकांचं. आमी मालकांच्या मेहेरबानीवर ऱ्हातो.”

“पोराच्या तोंडून येऊ दे.”

मी म्हणालो. “ऐकू नाही आलं.” मी परत म्हणालो. मोठ्यानं. पाहुणे खूश झाले. मालकीणबाईंनी आतून लाडू आणला आणि माझ्या ओंजळीत वरून सोडला. बोट लागू नये म्हणून वरून. मुंबईत असलं काही नव्हतंच, असं सांगणारी माणसं मला अजून भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. लाडू गोड होता. मी खाल्ला. हेही लिहून ठेवतो.

परतताना बाप म्हणाला, “पुन्यांदा घर म्हनायचं न्हाई. खोली म्हनायचं.”

त्या दिवसापासून मेहेरबानी हा शब्द माझ्या तोंडात बसला. भाडं देताना म्हणायचा. पत्रा गळतोय हे सांगायच्या आधी म्हणायचा. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हाही, मालक, सगळी तुमची मेहेरबानी. त्यात अर्थ उरला नव्हता. कुणी भेटल्यावर आपण नमस्कार म्हणतो, तसं. भाड्याची पावती कुणालाच मिळत नसे. पावती मागायची म्हणजे मालकांवर संशय घ्यायचा. आणि नळाची चावी मालकांच्या माणसाकडं असे.

मोठा झालो आणि त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागलो. आम्ही बौद्ध. जयंतीच्या मंडळात मी कायम पुढे. मंचावर उभा राहून स्वाभिमानावर बोलायचो, टाळ्या घ्यायचो. खाली उतरलो की भाड्याच्या रांगेत हात जोडून उभा. दोन्ही मीच. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

आता सुमनवहिनींचं सांगतो. हे सगळं लिहायला बसलोय ते त्यांच्यामुळेच.

सुमनवहिनी माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मूळच्या कोकणातल्या. त्यांचा नवरा दत्ताराम आधी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन. चाळीत आल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या घरी माशाचं कालवण घेऊन आल्या. कुणाच्या हाती पाठवलं नाही, स्वतः आल्या आणि वाटी माझ्या हातात दिली. हातात. मी घरात एकटाच होतो. माझं नाव, आडनाव, सगळं त्यांना ठाऊक होतं. “गरम आसा, सांभाळून धरा, भावजी.” एवढंच म्हणाल्या.

दत्ताराम दिवसा झोपायचा म्हणून त्याचं भाडं माझ्याकडं असे. माझ्या भाड्याबरोबर त्याचंही मीच मालकांना नेऊन द्यायचो. पुढे दत्ताराम छातीत कळ येऊन गेला. वहिनींना पुरुषांच्या रांगेत उभं राहायला संकोच वाटायचा. तेव्हाही भाडं मीच नेलं. वर्षानुवर्षं. त्या पोळ्या लाटायची कामं करायच्या, मुलगी शोभा शाळेत होती. पण भाडं थकलं असं कधी झालं नाही.

मग मालकांना ती खोली हवी झाली. कशाला, तर बांधकामाचं सामान ठेवायला. त्यांनी वांद्र्याच्या कोर्टात दावा लावला. दाव्यात म्हटलं होतं, दत्ताराम आमच्या पाण्याच्या पंपाकडं बघायचा, म्हणून आम्ही दयेपोटी त्याला राहू दिलं होतं. भाडं कधी घेतलंच नाही. तो माणूस गेला, दया संपली, बाईनं खोली खाली करावी.

वहिनी दारात बसून राहिल्या. “भावजी, आता काय करूचा?”

विहाराशेजारच्या वाचनालयात तेव्हा एक मोफत कायदा मदत केंद्र चालायचं. बायकांना आणि गरिबांना तिथून वकील मिळायचा, वकिलाची फी सरकार द्यायचं. वहिनींना तिथं मीच घेऊन गेलो. माझ्या खात्यावर चांगलं असं जे काही जमा असेल, त्यातलं हे एक. तिथं तांडेलबाई भेटल्या. तेव्हा तरुण होत्या. खारदांड्याच्या कोळ्याची मुलगी, बोलणं सपासप. कागद वाचून त्यांनी वहिनींना विचारलं, “पावती?”

“नाय.”

“भाडं कुणाच्या हातून जायचं?”

वहिनींनी माझ्याकडं बोट केलं.

तांडेलबाईंनी खुर्ची माझ्याकडं वळवली. “मग काका, ही केस म्हणजे तुम्ही. दुसरं काहीच नाही आपल्याकडं.”

त्यांनी माझी तयारी करून घेतली. समोरचा वकील काय विचारेल, मी काय सांगायचं. खोटं एक अक्षर नाही. “माझी आई बाजारात मासळी विकते, काका. कालचं पापलेट आजचं म्हणून सांगत नाही. जे आहे ते सांगायचं, बस्स.” आणि पहिल्याच सरावाला त्यांनी मला थांबवलं. मी म्हणालो होतो, “मालकांच्या मेहेरबानीनं त्या खोलीत राहतात आणि दरमहा भाडं देतात.”

“परत बोला.”

मी परत तसंच बोललो.

“काका, हा मेहेरबानी शब्द कोर्टाबाहेर ठेवून यायचा. तुमच्यासाठी तो नमस्कार आहे. कोर्टात त्याचा अर्थ फुकट. बाई मेहेरबानीवर राहते म्हणालात की बाई भाडेकरू नाही, हे तुम्हीच कबूल केलंत. कळतंय का?”

कळलं. मला लिहितावाचता येत होतं. कारखान्यात मी इंग्रजी ड्रॉइंग वाचायचो. मला चांगलं कळलं होतं.

साक्षीचा दिवस. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनी मागच्या बाकावर, शोभा त्यांच्या शेजारी. मालक पहिल्या बाकावर. म्हातारे झाले होते, हातात काठी. त्यांनी मला आधी बोलावून घेतलं नव्हतं. धमकी दिली नव्हती. काही देऊ केलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांना वाटेल की मी विकला गेलो. विकला गेलो असतो तर निदान काही मिळालं तरी असतं. मालक नुसते समोर बसले होते.

आधी तांडेलबाईंनी विचारलं. मी नीट सांगितलं. दत्तारामचं भाडं मी नेलं, नंतर वहिनींचं मी नेलं, मालकांनी स्वतः घेतलं. बाईंनी मान हलवली.

मग मालकांचे वकील उठले. फार गोड बोलले. मी कुठं कामाला, किती वर्षं चाळीत, मुलं काय करतात. मालकांनी पूर्वी अडीनडीला मदत केली असेल नाही? म्हटलं, केली. भले माणूस आहेत ना? म्हटलं, हो साहेब. मी मालकांकडं बघितलं. मालक माझ्याकडं बघत होते. तसेच. झोपाळ्यावरून बघायचे तसे.

“मग दत्ताराम आणि त्यांची पत्नी, हे मालकांच्या मेहेरबानीवरच राहत होते. बरोबर?”

माझे हात जोडले गेले. मी जोडले नाहीत. ते जोडले गेले.

“होय साहेब. मालकांचीच मेहेरबानी.”

कोर्टानं ते लिहून घेतलं. टाइप करणाऱ्याच्या बोटांचा आवाज मी ऐकला.

इथपर्यंत माझी चूक होती. चूक म्हणून ती मी कधीतरी सहन केली असती. पुढचं सहन होत नाही.

तांडेलबाई परत उठल्या. फेरतपासणी म्हणतात त्याला. साक्षीदार घसरला तर त्याला सावरायची ती एक संधी असते. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही मेहेरबानी म्हणालात. आता मला सांगा, सुमनबाईंचं भाडं तुम्ही स्वतः मालकांच्या हातात देत होतात की नव्हतात?”

साधा प्रश्न. हो म्हणायचं होतं. थोड्या वेळापूर्वी तेच मी सांगितलं होतं. पण आता मालक काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे वाकले होते आणि माझ्या डोक्यात माझी स्वतःची खोली आली. पावती माझ्याकडंही नव्हती. मी हो म्हणालो की उद्या नोटीस माझ्या दारावर. माझी बायको, माझी पोरं. एवढं सगळं एका क्षणात येतं. भीती फार वेगानं हिशेब करते.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

बाई काही क्षण उभ्या राहिल्या. मग बसल्या.

बाहेर व्हरांड्यात वहिनी लगबगीनं माझ्याजवळ आल्या. त्यांना काय झालं ते समजलंच नव्हतं. मेहेरबानी हा शब्द त्यांना खटकायचं कारणच नव्हतं, त्याही तसंच बोलायच्या. शेवटचं उत्तर त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांना वाटलं मी गडबडलो. माझा हात दोन्ही हातांत धरला. “घाबरलात ना, भावजी? मी असतंय तर माझी जीभच टाळ्याक चिकटली असती. तुम्ही माझ्यासाठी उभे रवलात, ह्या काय कमी आसा?”

त्यांच्या मागे तांडेलबाई उभ्या होत्या. वहिनी शोभाला घेऊन पाणी प्यायला गेल्या तेव्हा बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “तुमची खोली वाचली ना, काका?”

मग म्हणाल्या, “निकाल लागायचाय अजून. केंद्रावर या. कोर्टापुढं अर्ज करू, तुम्ही परत उभे राहा आणि दुरुस्त करा. मी सुमनबाईंना यातलं काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं.”

मी गेलो नाही. वाचनालयाचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं कामावर जाऊ लागलो.

निकाल विरुद्ध गेला. चाळीत लोक माझ्याभोवती जमले. काय झालं काय कोर्टात? तुम्ही तर होता तिथं. आणि मी, जयंतीच्या मंचावर बोलणारा माणूस, म्हणालो, “फुकटची वकील. ती काय लढणार? फी मिळत नाही तर जीव कशाला लावेल?”

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी भर घातली की मालकांनी बाईला फोडली असणार. मी म्हणालो, “असेल.”

एवढ्यावर मी मोकळा झालो.

एकदा बाजारात तांडेलबाई समोरून आल्या. शोभा माझ्याबरोबर होती, चौदा-पंधरा वर्षांची. तिनं भर रस्त्यात बाईंना नको नको ते ऐकवलं. आमच्या गरिबीवर पोट भरता, मालकांच्या ताटातलं खाता, असं काय काय. माणसं थांबून बघू लागली. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी भाजीवाल्याच्या टोपलीतली वांगी चाचपत होतो. बाई काही न बोलता निघून गेल्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं त्यांना. त्यांनी ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं आणि मी वांगी बघत होतो.

खोली ताब्यात घ्यायला कोर्टाचा बेलिफ आला त्या दिवशी वहिनींनी सामान आधीच बाहेर काढून ठेवलं होतं. बेलिफ कुलूप घेऊन उभा, आणि या बाई आत लादी पुसतायत. बेलिफ म्हणाला, “राहू द्या हो बाई.” त्या म्हणाल्या, “मालक येतले बघूक. घाण दिसता नये.” चारही कोपरे पुसले. मग फडकं पिळलं, दारात वाळत घातलं, ते आता आपलं दार नाही हे लक्षात आलं, काढून पिशवीत टाकलं. निघताना माझ्या बायकोला मिठी मारली. मला म्हणाल्या, “भावजी, शोभाकडं लक्ष असू दे.”

त्या टिटवाळ्याच्या पुढे कुठंतरी राहायला गेल्या. काही वर्षं पोळ्यांच्या कामाला तिथून घाटकोपरला येत राहिल्या, कारण ओळखीची घरं इथंच होती. मग पाय सुजू लागले, येणं बंद झालं. शोभाची शाळा सुटली. वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गेलो. खोलीत उभं राहायला जागा नव्हती, बाहेर उभा राहिलो. शोभा सगळ्यांना सांगत होती, हे आमचे काका, आईसाठी कोर्टात उभे राहिलेले. माणसं माझ्याकडं आदरानं बघत होती. मी खाली बघत होतो आणि त्यांना ते दुःख वाटत होतं.

यानंतर बरीच वर्षं काही घडलं नाही. माझं वय झालं. कारखान्यातून निवृत्त झालो. बायको गेली. थोरले मालक वारले. माझी खोली शाबूत राहिली. मी त्या खोलीत झोपत होतो, जेवत होतो, शेजारच्या भिंतीपलीकडं मालकांच्या सिमेंटच्या गोणी होत्या.

गेल्या वर्षी धाकट्या मालकांनी चाळ बिल्डरला द्यायची ठरवली. चाळीतल्या चौकात खुर्च्या टाकून सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, कुणाकडं पावती नाही, म्हणजे कुणी भाडेकरू नाही. सुमनबाईंच्या वेळी कोर्टानंच तसं म्हटलंय. नव्या इमारतीत कुणाला जागा मिळणार नाही. गुपचूप सह्या कराल त्यांना सामान हलवायचा खर्च देऊ.

पोरगेलासा प्रकाश उठला. सावंतवाडीकडचा, रिक्षा चालवतो, घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. म्हणाला, “वाचनालयात ती फुकटची कायद्याची मदत अजून मिळते म्हणे. विचारून बघूया का?”

चाळ एकदम त्याच्यावर तुटून पडली. “फुकटच्या वकिलानं सुमनबाईंना रस्त्यावर आणलं, माहीत नाय काय तुला? तेव्हा तू चड्डीत मुतत होतास.” “आमची वाट लावायची आहे काय रे?” एका म्हातारीनं हात जोडून धाकट्या मालकांना सांगितलं, “आम्ही कोर्टात नाय जायचो, मालक. सही करतो.”

धाकटे मालक हसले. मग माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या घराण्याचा हात मला पहिल्यांदा लागत होता. मी सत्तरी ओलांडलेला माणूस. तो माझ्याहून कितीतरी लहान.

“यालाच विचारा ना, फुकटचे वकील कसे असतात ते. कोर्ट बघितलेला माणूस आहे. काय रे, सांग यांना.” मग माझ्या कानाशी वाकून, हळू आवाजात, “बाबा नेहमी म्हणायचे, सुमनच्या केसमधून तुझ्यामुळं सुटलो. तू आमचाच माणूस. तुझं मी वेगळं बघतो.”

आमचाच माणूस.

बापानं लोखंड उतरवलं त्या खांद्यासारखा माझा खांदा नाही. पण तो मी मागे घेतला. हात हवेत राहिला.

“मी तुमचा माणूस नाही,” मी म्हणालो. “आणि अरेतुरे करू नका.”

धाकटे मालक पुन्हा हसले, पण या वेळी कुणी त्यांच्याबरोबर हसलं नाही. मी लोकांना म्हणालो, सही कुणी करू नका, मला येत्या रविवारपर्यंत वेळ द्या. प्रकाश म्हणाला, “काय ता आत्ताच सांगा ना, काका.” मी म्हटलं, आधी एकीला सांगायचंय.

शोभा मुलुंडच्या एका दवाखान्यात आया आहे. जेवणाच्या सुटीत ती गेटबाहेर आली. मला बघून खूश झाली, डबा उघडू लागली. “काका, वजन कमी झालंय तुमचं. अर्धी भाकरी घ्याच.” मी म्हटलं, डबा बंद कर, शोभा. आणि सांगितलं. उभ्यानं सगळं सांगितलं. मेहेरबानीचं सांगितलं, आठवत नाही म्हणालो ते सांगितलं, चाळीत काय पसरवलं ते सांगितलं.

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग तिनं एकच विचारलं.

“त्या बाईंना मी बाजारात बोलले, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी होतात?”

“होतो.”

“वांगी घेत होतात.”

तिला ते आठवत होतं. मी मान हलवली.

“आई जाईपर्यंत म्हणायची, भावजी होते म्हणून मी कोर्टात एकटी पडले नाही.” तिचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं. “माफी मागू नका. मी देणार नाही. चाळीत जाऊन हेच सांगा. मी तिथं असेन. एक शब्द गाळलात तर मी बोलेन.”

रविवारी ती आली. माझ्याशी बोलली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. मी चाळीला सांगितलं. मला वाटलं होतं कुणीतरी मारेल. ज्या म्हातारीनं सही करतो म्हटलं होतं, ती वहिनींची मैत्रीण. तिनं माझ्या पायापाशी थुंकलं आणि खोलीत निघून गेली. प्रकाश तेवढा म्हणाला, “म्हणजे ती वकीलबाई खोटी नव्हती.”

“नव्हती. ती खरी होती. खोटा साक्षीदार होता.”

“मग चला ना तिच्याकडे. बसलाव कशाक?”

तांडेलबाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. केंद्र तेच, टेबल दुसरं. आम्ही अर्धी चाळ दारात उभे. शोभा पुढे झाली, बाईंच्या पायाशी वाकायला गेली. बाईंनी तिला दंडाला धरून वर केलं. “पाया पडायची सवय मोड आधी. त्याच सवयीनं हरलो होतो आपण.” मग सगळ्यांना बसवलं. सुमनबाईंचा निकाल सुमनबाईंपुरता होता, तुमच्यावर लागू नाही, म्हणाल्या. पावती नसली तरी भाडं दिल्याचं सिद्ध करता येतं. रांगेत कोण कोण उभं राहायचं, कुणी कुणाला भाडं देताना पाहिलं, हे प्रत्येकानं सांगायचं. चाळीतली सगळी माणसं एकमेकांची साक्षीदार आहेत.

शेवटी माझ्याकडं वळल्या. काका म्हणाल्या नाहीत.

“तुमची साक्ष सगळ्यात जुनी. पण ती घ्यायची तर आधी लिहून द्यावं लागेल की त्या वेळी शपथेवर खोटं बोललात. मालकांचे वकील तेच धरून तुम्हाला सोलतील. कोर्ट तुमच्यावर कारवाई करू शकतं. या वयात. तुम्हाला वेगळा वकील घ्या, तोही इथून मोफत मिळेल. विचार करा आणि मग सांगा.”

मी तिथंच लिहून दिलं. प्रतिज्ञापत्र झालं आहे. मुलगा म्हणतो, बाबा, आता कशाला उकरून काढता, सुमनकाकू परत येणार आहेत का? येणार नाहीत. त्यांची खोली परत मिळणार नाही, शोभाची शाळा परत मिळणार नाही. शोभा अजून माझ्याशी बोलत नाही आणि तिनं बोलावं असं मी कुणामार्फत सुचवलेलंही नाही. तिचं बरोबर आहे.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्यासारखी माणसं प्रत्येक चाळीत आहेत. फुकटच्या वकिलाकडं जाऊ नका म्हणणारी. त्यांना एकदा विचारा, तुम्ही स्वतः काय केलं होतं? वहिनींची वकील फुकटची होती आणि ती शेवटच्या प्रश्नापर्यंत उभी राहिली. बसलो मी. हे माझ्या नावासकट कोर्टात नोंदवलं जाईल आणि मी जिवंत असताना नोंदवलं जाईल.

पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. मालकांचे नवे वकील तरुण आहेत, हुशार आहेत म्हणतात. ते मला विचारणार, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता खोटं बोलताय? धाकटे मालक पहिल्या बाकावर असतील. मी त्यांच्याकडं बघूनच उत्तर देणार आहे. तेव्हा खोटं बोललो. यांच्या बापाला घाबरून बोललो. लिहून घ्या.